साखरेच्या जेलचा हिरवेपणा कॉलममध्ये सांडतो

मॅनिटॉल औषधशाळेत नवं नाही. गोळ्यांमध्ये भराव म्हणून ते असतं, मेंदूची सूज उतरवायला शिरेतूनही देतात. सहा कार्बनच्या या शर्करा-अल्कोहोलच्या दोन्ही टोकांना आठ कार्बनचं कॅप्रिलिक, म्हणजेच ऑक्टॅनॉइक, आम्ल जोडलं, की मॅनिटॉल डायऑक्टॅनोएट तयार होतं. तेलात गरम करून विरघळवायचं आणि थंड होऊ द्यायचं. मधले चार हायड्रॉक्सिल, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट, शेजारच्या रेणूंशी हायड्रोजन बंध बांधतात, दोन्हीकडच्या शेपट्या एकमेकींना चिकटतात, त्यातून धागे होतात, धाग्यांचं जाळं होतं आणि तेल त्या जाळ्यात अडकून राहतं. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधल्या जॉर्ज जॉन यांच्या गटाने २०१० मध्ये हा रेणू पाण्यावर सांडलेलं तेल गोठवण्यासाठी मांडला. त्या निबंधाचे पहिले लेखक स्वप्निल जाधव. पुढे याच कुळातल्या रेणूंनी खाद्यतेलंही घट्ट करून दाखवली. तेलात विरघळणारं औषध त्वचेवर लावायचं असेल, तर असं तेलजेल हा चांगला वाहक ठरू शकतो. प्रश्न एवढाच, की ते बनवायची रीत कितपत हिरवी, म्हणजे कमी कचऱ्याची आहे.

हा रेणू जुन्या पद्धतीने करायचा तर पिरिडिन किंवा डीएमएफ या द्रावकांमध्ये मॅनिटॉल, त्यात आम्लाचं क्लोराइड. सहापैकी कुठलाही हायड्रॉक्सिल पकडला जातो, मोनो, डाय, ट्राय अशा, म्हणजे एक, दोन, तीन आम्लं जोडलेल्या, एस्टरांची खिचडी होते आणि वर पिरिडिनचं मीठ उरतं. खिचडी टाळायची तर आधी नको त्या हायड्रॉक्सिलांना झाकणं, मग जोडणं, मग झाकण काढणं, म्हणजे प्रत्येक पायरीला नवा द्रावक. लायपेज हे मेद तोडणारं एन्झाइम हे काम एका पायरीत करतं. कॅन्डिडा अंटार्क्टिकाचं लायपेज बी, म्हणजे बाजारात मण्यांवर बसवून मिळणारं नोव्होझाइम ४३५, टोकाचे प्राथमिक हायड्रॉक्सिल आधी पकडतं आणि मधल्या दुय्यम हायड्रॉक्सिलांकडे फारसं बघत नाही. मॅनिटॉल दोन्ही बाजूंनी सारखं असल्यामुळे पहिलं टोक कुठलं हा प्रश्नच उरत नाही.

आता मापं. मॅनिटॉल १.८२ ग्रॅम, म्हणजे १० मिलिमोल. व्हिनाइल ऑक्टॅनोएट ५.१ ग्रॅम, म्हणजे ३० मिलिमोल. वाळवलेलं ॲसिटोन ५० मिलि. नोव्होझाइम ४३५ अर्धा ते पाऊण ग्रॅम. तापमान ४५ ते ५० अंश, शेकर २०० फेऱ्यांवर, वेळ २४ ते ४८ तास. पूर्ण रूपांतर झालं तर ४.३५ ग्रॅम मिळायला हवं. मॅनिटॉल ॲसिटोनमध्ये जवळजवळ विरघळत नाही, हे बघून घाबरायचं कारण नाही. जेवढं विरघळतं तेवढं एन्झाइम खातं, मग आणखी विरघळतं. म्हणून मॅनिटॉल आधी खलात बारीक करून घ्या. खडे राहिले तर ४८ तासांनीही तळाशी पांढरं उरतं आणि दोष एन्झाइमला दिला जातो.

व्हिनाइल एस्टर वापरण्याचं कारण असं, की सुटणारं व्हिनाइल अल्कोहोल लगेच ॲसिटाल्डिहाइड होतं आणि अभिक्रियेला मागे फिरायचा रस्ता उरत नाही. पण ॲसिटाल्डिहाइड २० अंशांना उकळतं. घट्ट झाकलेल्या बाटलीत ५० अंशांवर दाब चढतो. फ्युम हुडमध्ये ठेवा आणि झाकणात सुई खोचून वाफेला वाट द्या. हेच ॲसिटाल्डिहाइड प्रथिनातल्या लायसिनला चिकटून काही लायपेजांना बाद करतं. हे लायपेज त्यातल्या त्यात चिवट आहे, पण अमर नाही.

सगळ्यात जास्त घोळ पाण्याचा. बाटलीवर ९९.५ टक्के लिहिलेलं ॲसिटोन घेतलं आणि उरलेला अर्धा टक्का पाणीच आहे असं धरलं, तर ५० मिलिमध्ये सुमारे २०० मिलिग्रॅम, म्हणजे ११ मिलिमोल पाणी येतं. मॅनिटॉल आहे १० मिलिमोल. लायपेजचा मूळ धंदा पाण्याने एस्टर तोडण्याचा, त्यामुळे दोन टोकांसाठी लागणाऱ्या २० मिलिमोलवर जो १० मिलिमोल जादा व्हिनाइल एस्टर घातला, तो सगळा पाणीच खाऊन टाकतं आणि ऑक्टॅनॉइक आम्ल बनतं. त्याचा शेळीसारखा खवट वास आला, की समजावं पाणी शिरलंय. वाळवून, कार्ल फिशर या पाणी मोजायच्या यंत्रावर तपासून, पाणी ०.०५ टक्क्याच्या खाली आणलं की हा तोटा एक मिलिमोलवर येतो. जुलैत मुंबईच्या दमट हवेत उघडं राहिलेलं ॲसिटोन तासाभरात वाळवणीवर पाणी फिरवतं, अगदी शब्दशः.

वाळवायला ३ आंगस्ट्रॉमची मॉलिक्युलर सीव्ह, म्हणजे पाणी शोषणारे सूक्ष्म छिद्रांचे दाणे, घ्या, २५० ते ३०० अंशांवर काही तास तापवून डेसिकेटरमध्ये गार केलेली. ॲसिटोन तिच्यावर रात्रभर ठेवा, आठवडाभर नको. सीव्ह अल्कधर्मी असते, तिच्यावर ॲसिटोनचे रेणू आपसातच जोडले जाऊन डायॲसिटोन अल्कोहोल होतं. सीव्ह थेट अभिक्रियेत टाकायचा मोह टाळा. शेकरवर तिचे दाणे झिजून भुकटी होते, ती एन्झाइमच्या मण्यांत मिसळते आणि मग गाळणीवर काय एन्झाइम, काय सीव्ह, काय उरलेलं मॅनिटॉल, कळत नाही.

मण्यांचंही तसंच. नोव्होझाइम ४३५ मध्ये एन्झाइम ॲक्रिलिक रेझिनच्या मण्यांवर नुसतं शोषलेलं असतं, बंधाने बांधलेलं नसतं. मॅग्नेटिक बारने ढवळलं की बार आणि काचेच्या मध्ये मणी जात्यातल्यासारखे भरडले जातात. बारीक चुरा फिल्टर बंद पाडतो आणि औषधवाहक म्हणून जे बनवतोय त्यात प्लास्टिकचे कण उतरतात. शेकर किंवा वरून फिरणारं पातं वापरा. पाण्याने तर मणी धुऊच नका. आपलं उत्पादन, विशेषतः अर्धवट झालेला मोनोएस्टर, साबणासारखं वागतो आणि पाण्यात एन्झाइमला मण्यावरून सोडवून नेतो. कोरड्या ॲसिटोनने किंवा टर्ट-ब्यूटॅनॉलने धुऊन, व्हॅक्युममध्ये सुकवून, चार अंशांना ठेवा. उरलेलं मॅनिटॉल बारीक असतं आणि मणी मोठे, त्यामुळे सुकल्यावर साध्या चाळणीने वेगळे होतात.

काय काय बनलं ते सिलिकाच्या पट्टीवर ठिपक्यांनी बघायचं, म्हणजे टीएलसी. त्यासाठी क्लोरोफॉर्म आणि मेथनॉल ९:१ चालतं, पट्टी गंधकाम्लात बुडवून तापवायची. मोनोएस्टरचा ठिपका खाली, डायएस्टर वर. मोनो दिसेनासा होईपर्यंत थांबा, कारण नंतर तो काढण्यापेक्षा आता संपवणं सोपं आहे. वस्तुमान वर्णपटात सोडियमसह डायएस्टर ४५७.३ ला दिसतो, मोनो ३३१.२ ला.

आता शुद्धीकरण, कारण खरा हिशोब इथे आहे. कोमट असतानाच गाळा. थंड झालं तर उत्पादन फनेलमध्येच गोठून बसतं. ॲसिटोन रोटाव्हॅपवर, म्हणजे कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर, काढा आणि जपून ठेवा. उरलेल्या पांढऱ्या गोळ्यात जादा व्हिनाइल एस्टर आणि थोडं ऑक्टॅनॉइक आम्ल असतं. दोन्ही हेप्टेनमध्ये सहज जातात. हेक्झेन नको, शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते नसांना विषारी असतं, हेप्टेनचा तो त्रास नाही. पण इथे एक गंमत आहे. हा रेणू हायड्रोकार्बन गोठवण्यासाठीच तर प्रसिद्ध आहे. धुणं लवकर व्हावं म्हणून हेप्टेन गरम केलंत, तर सगळा फ्लास्क जेली होतो आणि जी घाण काढायची तीच जाळ्यात पकडली जाते. घन पदार्थ कुटून बारीक करा, गार हेप्टेनमध्ये दहा मिनिटं हलवा, गाळा, पुन्हा एकदा. एकूण ४० मिलि पुरतं. मग गार पाण्याने एक धुणं, त्यात मॅनिटॉलचे आणि मोनोएस्टरचे अंश जातात, थोडा फेस येतो. मणी आधीच बाहेर काढलेले असल्यामुळे आता पाण्याची भीती नाही. सुकवा. आणखी शुद्ध हवं असेल तर थोड्या गरम ॲसिटोनमधून पुन्हा स्फटिक करा. इथे इथेनॉल घ्यायचं असेल तर आधी बारीक फिल्टरमधून गाळून मण्यांचा चुरा उरला नाही ना ते पाहा. हे लायपेज इथेनॉललाही आम्ल देऊन टाकतं, आणि सावकाश स्फटिक व्हायला ठेवलेल्या फ्लास्कमध्ये आपला एस्टर तुटून इथाइल ऑक्टॅनोएट होत राहतं.

समजा हाती ३ ग्रॅम आलं. रॉजर शेल्डन यांचा ई-फॅक्टर म्हणजे एक किलो मालामागे किती किलो कचरा. मॅनिटॉल १.८, व्हिनाइल एस्टर ५.१, ॲसिटोन ३९.५, हेप्टेन २७ ग्रॅम, एकूण सुमारे ७४. पाणी आणि पुन्हा वापरायचं एन्झाइम धरलेलं नाही. काहीच परत मिळवलं नाही तर ई-फॅक्टर २४ च्या आसपास. दोन्ही द्रावक ८० टक्के परत मिळवले तर सहाच्या खाली. आणि हेच उत्पादन शुद्ध करायला कॉलमवर, म्हणजे सिलिका भरलेल्या काचेच्या नळीत, टाकलं तर? १०० ग्रॅम सिलिका, ८०० मिलि क्लोरोफॉर्म-मेथनॉल, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास भर, आणि ई-फॅक्टर चारशेच्या वर. एन्झाइमने जे कमावलं ते सगळं त्या काचेच्या नळीतून वाहून जातं. एन्झाइम वापरलं म्हणून प्रक्रिया हिरवी, असं लिहिणाऱ्यांनी शुद्धीकरणाच्या परिच्छेदात ‘कॉलम’ हा शब्द आहे का तेवढं स्वतःच तपासावं.

परत मिळवलेल्या ॲसिटोनचीही एक खोड आहे. त्यात ॲसिटाल्डिहाइड साठत जातं, कारण रोटाव्हॅपवर दोघं बरोबरच येतात. तसंच पुढच्या खेपेला वापरलं तर चौथ्या-पाचव्या खेपेला एन्झाइम मंदावतं आणि ‘मणी फक्त चार वेळा चालतात’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. परत वापरण्याआधी ॲसिटोन ऊर्ध्वपातित करा आणि सुरुवातीचा भाग टाकून द्या.

व्हिनाइल एस्टर तरी हिरवा कुठे, हा आक्षेप रास्त आहे. तो खनिज तेलाच्या रसायनांवर उभा आहे. खोबरेल तेलात मिळणारं ऑक्टॅनॉइक आम्ल थेट वापरलं तर अणुबचत, म्हणजे घातलेल्या कच्च्या मालाच्या वजनातला उत्पादनात उतरणारा वाटा, ८३ वरून ९२ टक्क्यांवर जाते आणि उपपदार्थ म्हणून फक्त पाणी. पण दहा मिलिमोल मॅनिटॉलमागे ३६० मिलिग्रॅम पाणी सुटतं आणि ते काढलं नाही तर अभिक्रिया मध्येच अडते. सीव्ह स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागाइतकंच पाणी धरते, म्हणजे कागदावर दोन ग्रॅम, प्रत्यक्षात पाच-सहा ग्रॅम लागते, आणि ती मण्यांपासून दूर जाळीच्या पिशवीत टांगावी लागते. मोनोएस्टर जास्त उरतो, वेळ जास्त जातो. छोट्या प्रमाणावर व्हिनाइल एस्टर, मोठ्या प्रमाणावर आम्ल आणि कमी दाबाखाली पाणी ओढणं, असा व्यवहारी मार्ग मला पटतो.

जेल करणं त्यामानाने सोपं. १० ग्रॅम तेलात ०.३ ग्रॅम डायएस्टर, नितळ होईपर्यंत तापवायचं, हलवायचं नाही, खोलीच्या तापमानाला ठेवायचं. बाटली उलटी केली आणि खाली आलं नाही तर जेल. पण खोबरेल तेलावर ही परीक्षा घेऊ नका. ते २४ अंशांच्या खाली स्वतःच गोठतं, आणि डिसेंबरच्या सकाळी पुण्यात काहीही न घालता ‘जेल’ होतं. तिळाचं किंवा करडईचं तेल घ्या, नाहीतर औषधात चालणारं मध्यम साखळीचं ट्रायग्लिसराइड. आयबुप्रोफेनसारखं आम्लगटाचं औषध घातलं की तेही हायड्रोजन बंधांत वाटा मागतं आणि जेल मऊ पडतं. अर्ध्या टक्क्यापासून चढत जा, प्रत्येक पायरीला जेल कुठल्या तापमानाला वितळतं ते नोंदवा. औषध किती सुटतं हे फ्रान्झ सेलमध्ये, म्हणजे पडद्यातून पार होणारं औषध मोजायच्या भांड्यात, बघताना पडद्याखाली हवेचा बुडबुडा राहिला तर आकडे खाली येतात. आणि त्याच औषधाचं नुसतं तेल, जेलकारक न घालता, शेजारी लावलंच पाहिजे. त्याशिवाय ‘सावकाश सुटतं’ या विधानाला काही अर्थ नाही, तेलातूनही ते सावकाशच सुटतं.

पाण्याचं जेल हवं असेल तर वेगळी शर्करा लागते. जॉन यांच्याच गटाने २००६ मध्ये अमिग्डॅलिनपासून ते केलं. जर्दाळूच्या आठळीत, कडू बदामात हे मिळतं, फळ उद्योगात ते वायाच जातं. त्याच्या दोन ग्लुकोजपैकी एकाचा प्राथमिक हायड्रॉक्सिल जोडणीतच गेलेला असल्यामुळे एकच मोकळा उरतो, म्हणून लायपेज एकाच जागी मेदाम्ल बसवतं. एक टक्क्याहून कमी जेलकारकात पाणी गोठतं. कल्पनेतली खरी चतुराई पुढे आहे. हळदीतलं कर्क्युमिन आत भरायचं आणि लायपेजच घालून तो एस्टर तोडायचा. जाळं विरतं, कर्क्युमिन सुटतं, वेग एन्झाइमच्या मात्रेवर आणि तापमानावर. जोडणारंही लायपेज, तोडणारंही लायपेज.

पण अमिग्डॅलिन म्हणजे सायनाइड पोटात बाळगणारी साखर. लायपेज फक्त मेदाम्ल काढतं, मागे अख्खं अमिग्डॅलिन उरतं, आणि आतड्यातल्या जिवाणूंचं बीटा-ग्लुकोसिडेज ते फोडून हायड्रोजन सायनाइड सोडतं. स्टिअरिक आम्ल जोडलेल्या रेणूच्या वजनातला ३.७ टक्के वाटा त्याचा. मिलिलिटरमागे ५ मिलिग्रॅम जेलकारक असेल तर सायनाइड सुमारे ०.१९ मिलिग्रॅम. तोंडावाटे देण्यासाठी हा रेणू मी मुळीच निवडणार नाही. कल्पना घ्यावी, शर्करा बदलावी. ट्रेहॅलोज घ्यायचं ठरवलंत तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बाजारातलं ट्रेहॅलोज डायहायड्रेट असतं, वजनाच्या साडेनऊ टक्के पाणीच. ९७ अंशांच्या आसपास ते स्वतःच्याच पाण्यात वितळून काचेसारखा गोळा होतं, म्हणून आधी ६० अंशांवर व्हॅक्युममध्ये सावकाश वाळवायचं, मग तापमान चढवायचं. दुसरी गोष्ट शरीराची. क्षयाच्या जिवाणूच्या भिंतीतला कॉर्ड फॅक्टर हा ट्रेहॅलोजचाच डायएस्टर आहे, आणि बावीस कार्बनच्या शेपट्यांचा कृत्रिम डायएस्टर प्रायोगिक लशींमध्ये प्रतिकारशक्ती चेतवायला घालतात. लांब शेपटीचा ट्रेहॅलोज एस्टर म्हणजे निव्वळ डबा नव्हे.

कर्क्युमिनवर मोजमाप करणाऱ्यांसाठी थोडं. बाजारातल्या कर्क्युमिनमध्ये खरं कर्क्युमिन तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतं, बाकी त्याची दोन भावंडं, त्यामुळे मोलचा हिशोब आधीच हलतो. शरीराच्या पीएचला, ३७ अंशांवर, प्रथिनं नसलेल्या बफरमध्ये अर्ध्या तासात ते जवळजवळ नष्ट होतं. म्हणजे चोवीस तासांच्या प्रयोगात बफरमधलं ४२५ नॅनोमीटरचं शोषण पडतं, आणि लोक लिहितात की सुटणं थांबलं. सुटलं, आणि मेलं. बफर दर थोड्या वेळाने बदला, नमुना लगेच आम्लयुक्त मेथनॉलमध्ये घ्या, बाटलीला फॉइल गुंडाळा, आणि शेवटी जेलमध्ये किती उरलं तेही मोजून दोन्ही बाजू जुळवा. लायपेजच्या तयार द्रावणात ग्लिसरॉलसारखे टिकाऊकारक असतात, तेही जेल ढिलं करू शकतात. म्हणून उकळून मारलेल्या एन्झाइमची एक बाटली शेजारी हवीच.

संश्लेषणच टाळायचं तर सोफोरोलिपिड, म्हणजे यीस्टने बनवलेला साखर-मेदाचा रेणू. स्टार्मेरेला बॉम्बिकोला या यीस्टला ग्लुकोज आणि तेल दिलं की दोन ग्लुकोजची सोफोरोज आणि अठरा कार्बनचं मेदाम्ल जोडलेला रेणू ते स्वतःच बनवतं, चांगल्या खेपेत लिटरला १०० ग्रॅमच्या वर. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सोफोरोलिपिड आणि कर्क्युमिन यांच्या जोडीवर काम झालेलं आहे. माध्यम साधं असतं: लिटरला १०० ग्रॅम ग्लुकोज, १० ग्रॅम यीस्ट अर्क, १ ग्रॅम युरिया, आणि दुसऱ्या दिवसापासून थोडं थोडं तेल. एकदम ओतलं तर ते न खाता उरतं आणि शेवटी उत्पादनात मिसळतं. ढवळणं थांबवलं की उत्पादन जड, मधासारखं तळाशी बसतं, ते सरळ ओतून घ्यायचं आणि उरलेल्या द्रवापुरतंच इथाइल ॲसिटेट वापरायचं. त्यात वलयाचं आणि मोकळ्या आम्लाचं अशी दोन्ही रूपं असतात आणि प्रमाण खेपेगणिक बदलतं. वलयाचं रूप पाण्यात नीट जात नाही, आम्लाचं पीएच बदलला की वेगळ्या आकारात जुळतं. दर खेपेचा एचपीएलसी, म्हणजे दोन्ही रूपं वेगळी करून मोजणारी चाचणी, काढल्याशिवाय औषध भरायला घेऊ नका.